स्पार्टाची आमटी आणि अथेन्सच्या पुरणपोळ्या

२००९ च्या जून महिन्यात शारजातल्या अल नहदामध्ये, नवव्या मजल्यावरच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये प्राचीन ग्रीसमधली दोन नगरराज्यं एकत्र राहत होती, आणि त्यांच्यात फ्रिज एकच होता.

ही नगरराज्यं वसवली मी. कारण घरात इतिहासाची पदवीधर मीच! बी.ए., इतिहास, सेकंड क्लास, बार्शी. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आई सही करायला शिकली तीच मुळी माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर करायची म्हणून. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजच्या बाकावर बसलेली पहिली व्यक्ती मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. इकडे येताना मी डिग्री सर्टिफिकेटवर मुंबईपासून वकिलातीपर्यंत सगळे शिक्के मारून आणले होते. (मी आले होते नवऱ्याच्या व्हिसावर, गृहिणी म्हणून. गृहिणीला डिग्री अटेस्ट करावी लागत नाही, असं काउंटरवरच्या माणसाने मला तीनदा समजावलं. "असू दे, तुम्ही मारा शिक्का," मी म्हटलं.) बिल्डिंगमधल्या चौथीपर्यंतच्या मुलांच्या मी ट्यूशन घ्यायचे. सगळा नववा मजला मला 'हिस्टरी आंटी' म्हणायचा.

तर मंदी आली. आमचे हे एका ट्रान्सपोर्ट कंपनीत स्टोअरकीपर. तिथे पगार कापला पण माणूस ठेवला. ह्यांचे थोरले भाऊ मात्र एका बिल्डरकडे न बांधलेल्या टॉवरमधले फ्लॅट विकायचे. त्यांचं राहणं दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये तेविसाव्या मजल्यावर, खाली तळं, वर आकाश आणि मध्ये माझ्या जाऊबाई! एका रविवारी (इथे आठवडा रविवारी सुरू होतो) भाऊजी ऑफिसला गेले आणि अकरा वाजता परत आले. कंपनीच राहिली नव्हती. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर विमान. मग काय, भाऊजी, जाऊबाई, त्यांचा ईशान आणि अकरा खोकी आमच्याकडे आली. एक बेडरूम त्यांची, एक आमची. फ्रिजचे वरचे दोन कप्पे त्यांचे, खालचे दोन आमचे. शेगडीचे डावीकडचे दोन बर्नर त्यांचे, उजवीकडचे आमचे. सगळं कसं गोडीगुलाबीने.

भाऊजींना नोकरी लागणं ही साऱ्या घराची गरज होती. त्यांची तर होतीच, पण माझीही होती, कारण जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आणि झाकण उचलून म्हणायच्या, "अगं सुनंदा, एवढं तिखट? पोटाचं काय होत असेल गं तुमच्या?"

आणि भाऊजींना नोकरी लागत नव्हती, कारण भाऊजी बोलायचे. माणूस सोन्यासारखा, पण तोंड उघडलं की अर्धा तास मिटत नसे. कुणी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की हे आजोबांपासून सुरुवात करायचे. भाऊजी स्वतःच्या नोकरीपर्यंत पोचायच्या आत समोरच्याला जेवणाची सुट्टी व्हायची.

भाऊजींच्या व्हिसाच्या महिन्यातले बारा दिवस उरले असताना दोन्ही मुलं शाळेतून एक कागद घेऊन आली. आमची रेवा आणि ईशान पहिल्यापासून एकाच शाळेत, एकाच वर्गात, सहावीत. विषय: अथेन्स आणि स्पार्टा, दोन नगरं, दोन जीवनपद्धती. एक आठवडा आपापल्या नगरातल्यासारखं राहायचं, डायरी लिहायची आणि वर्गात सादर करायची. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा ईशानला अथेन्स आलं आणि रेवाला स्पार्टा.

"मम्मी, धिस इज सो अनफेअर!" रेवा म्हणाली. "अथेन्सला नाटक आहे, डिबेट आहे. स्पार्टाला फक्त मारामारी!"

"स्पार्टा म्हणजे काय माहितीये का तुला?" मी पदर खोचला. "तुझी आई इतिहासाची पदवीधर आहे. उद्यापासून बघ!"

"अथेन्समध्ये कला होती," जाऊबाई वर्तमानपत्राआडून म्हणाल्या. "संस्कृती होती."

आता हे त्या कुणाला म्हणाल्या, ते घरात सगळ्यांना कळलं. मी त्याच क्षणी स्पार्टाची झाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अर्ध्या घरात शिस्त लागली. गाद्या उचलल्या, रेवा जमिनीवर. (ती खूश! एसीचा सगळा वारा खालीच येतो, हा शोध तिला पहिल्याच रात्री लागला. पाठ धरली ती ह्यांची.) सकाळी उठून थंड पाण्याने अंघोळ. इथे जरा चुकलंच, कारण शारजात जूनमध्ये थंड पाणी नसतं. गच्चीवरची टाकी उन्हात तापते आणि थंडच्या नळाला चहा करण्याजोगं पाणी येतं. पहिल्या दिवशी बाथरूममधून रेवा किंचाळली, "मम्मी, स्पार्टा इज बॉइलिंग!" शेवटी इथले सगळे करतात तेच केलं. गीझर बंद ठेवून त्यातलं साठलेलं पाणी 'थंड' म्हणून वापरलं.

"स्पार्टाचे लोक फार कमी बोलायचे," मी जेवताना सांगितलं.

"मग मी लग्न झाल्यापासून स्पार्टात आहे," हे म्हणाले.

"तुम्ही बोलू नका."

"तेच म्हणतोय मी."

तिकडे अथेन्समध्ये लोकशाही सुरू झाली. एसी चोवीसवर की सव्वीसवर, टीव्हीवर क्रिकेट की मालिका, सगळ्यावर मतदान! ईशान हॉलमधल्या खोक्यावर उभा राहून भाषण ठोकायचा, मग भाऊजी उभे राहून त्याला उत्तर द्यायचे, आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत मालिका संपलेली असायची. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मालिकेसाठी हात वर केला तर ईशान म्हणाला, "मम्मा, सॉरी. इन अथेन्स विमेन कान्ट व्होट."

"काय?"

"इट्स हिस्टरी, मम्मा."

जाऊबाईंनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हा नियम मी बार्शीहून आणला होता! मला इतका आनंद कॉलेजच्या निकालालाही झाला नव्हता.

आणि त्याच आनंदाच्या भरात माझ्या हातून ती गोष्ट झाली. मी रेवाला सांगितलं की स्पार्टात मुलांना मुद्दाम अर्धपोटी ठेवायचे आणि बाकीचं अन्न चोरून आणायला शिकवायचे. चोरी करणं हा गुन्हा नव्हता. पकडलं जाणं हा गुन्हा! एकाने तर चोरलेला कोल्हा कपड्यात लपवला. कोल्ह्याने पोट फाडलं तरी पोराने तोंडातून हूं की चूं केलं नाही.

रेवाचे डोळे चमकले. "सो आय कॅन स्टील?"

"शैक्षणिक कारणासाठी," मी म्हटलं.

सोमवारी तिने वरच्या कप्प्यातून दोन चीझ स्लाइस आणले. मी डायरीत 'उत्तम' असा शेरा मारला. मंगळवारी लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली. बुधवारी जाऊबाईंची खास फ्रेंच मोहरी! ("याचं काय करायचं?" रेवाने विचारलं. मलाही माहीत नव्हतं. पण पकडली गेली नाही हे महत्त्वाचं.) जाऊबाई फ्रिज उघडून पुटपुटायच्या, "बाई बाई, इथेच तर ठेवलं होतं..." आणि मी उजव्या बर्नरकडे तोंड फिरवून हसायचे. पदवीधर बाई, वय वर्षं छत्तीस!

गुरुवारी भाऊजी फोन ठेवून हॉलच्या मध्यभागी उभे राहिले. "लोपीस साहेब उद्या जेवायला येतायत."

लोपीस साहेब म्हणजे वसईचे, जुमेरा लेक टॉवर्समध्येच त्यांचं ऑफिस, माल साठवण्याची मोठमोठी गोदामं सांभाळणारी कंपनी. भाऊजींची त्यांच्याशी जुनी तोंडओळख. त्यांना एक माणूस हवा होता. भाऊजींच्या हातात तेव्हा पाच दिवस उरले होते.

"साहेब म्हणाले, पुण्यात कॉलेजला असताना पुरणपोळी खायचे, त्यानंतर तशी मिळाली नाही," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं, शुक्रवारी दुपारी या! त्याचं असं आहे, की पुरणपोळी हा पदार्थ मुळात..."

"अहो, डाळ भिजत घालू द्या मला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कापला. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मुकाट्याने माझा एक बर्नर त्यांना दिला.

शुक्रवारी सकाळी जाऊबाईंनी बावीस पुरणपोळ्या केल्या. खोटं कशाला बोलू, बाईचा हात आहे! मऊ, सायीसारख्या, कडेपर्यंत पुरण. स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून त्यांनी तो ओट्यावर ठेवला. डावीकडच्या बर्नरवर कटाची आमटी. आणि उजवीकडे, माझ्या उरलेल्या एकाच बर्नरवर, माझी येसर आमटी.

ती कशासाठी, तर स्पार्टाचे लोक एक काळा रस्सा प्यायचे. मूळ रस्सा डुकराच्या रक्ताचा आणि व्हिनेगरचा, तो शारजात कुठून आणू? मी बार्शीहून आणलेलं येसर काढलं. धान्यं, डाळी, खडा मसाला सगळं काळपट भाजून दळलेलं ते पीठ. त्यात काळं तिखट दुप्पट घातलं, वर व्हिनेगर. ("चार दिरहमची बाटली," हे म्हणाले, "म्हणजे बावन्न रुपये! ग्रीसला काय चिंच मिळत नव्हती का?") परक्या माणसाला तो रस्सा गिळवत नसे, असं मी रेवाला सांगितलं होतं. इतिहासाशी मी प्रामाणिक राहिले. चव बघितली तर माझ्याच कानातून वाफ आली.

साडेबाराला जाऊबाई अंघोळीला गेल्या, भाऊजी टाय शोधत होते, हे पापड आणायला खाली ग्रोसरीत. मी हॉलमध्ये दाराकडे पाठ करून ताटं मांडत होते. सव्वा वाजता बेल वाजली. दारात लोपीस साहेब, हातात खजुराचा डबा. शांत, जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस. भाऊजींनी "या, या" म्हणून जे सुरू केलं ते साहेबांचे बूट निघेपर्यंत शेख झायेद रोडच्या उद्घाटनापर्यंत पोचलं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी ते बघताना बघितलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "सु... नं... दा..."

मी धावले. जाऊबाई डब्याच्या जागेसमोर उभ्या. डब्याच्या जागी फक्त डब्याची गोल जागा.

"डबा कुठाय?"

"इथेच होता..."

"बावीस होत्या गं! बावीस!"

मला एका क्षणात सगळं कळलं. मी रेवाला बेडरूममध्ये ओढलं. "रेवा, पुरणपोळ्यांचा डबा?"

रेवा भिंतीला पाठ लावून ताठ उभी. तोंडातून हूं की चूं नाही.

"बाळा, हे खेळातलं नाही. सांग."

"स्पार्टन्स डोन्ट टॉक."

"अगं, काकांच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"तूच म्हणालीस, कोल्ह्याने पोट फाडलं तरी नाही!"

एवढी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी माझ्या ट्यूशनला दुसरी नव्हती. एकीकडे तिचा गळा दाबावासा वाटत होता आणि दुसरीकडे, आईची शपथ सांगते, छाती भरून आली होती.

बाहेरून भाऊजींचा आवाज येत होता. ते आता आजोबांवर आले होते. "वहिनी, आपण आधी भात वाढू," मी जाऊबाईंना म्हटलं. "भात, आमटी, बटाट्याची भाजी. पोळ्यांचं नंतर बघू." जाऊबाई डोळे पुसत मान हलवत होत्या. मी घाईने वाट्या घेतल्या, पातेल्यातून आमटी ओतली आणि बाहेर नेऊन वाढली. घाईत माझा हात सवयीने उजवीकडच्या बर्नरवर गेला. माझा बर्नर, माझं पातेलं! अथेन्सच्या पाहुण्याच्या पानात स्पार्टाचा काळा रस्सा पडला, आणि हे मला कळलं ते भाऊजींनी पहिला भुरका मारल्यावर.

ते बोलता बोलता भुरकले होते. "तर आमचे आजोबा त्या वेळी..." आणि खलास! आजोबा तिथेच अडकले. भाऊजींचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. डोळ्यांतून धारा. तोंड उघडं, पण आवाज नाही. जाऊबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. भाऊजींनी नुसता हात हलवला.

लोपीस साहेबांनीही भुरका मारला. कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला, घाम पुसला आणि परत भुरका मारला. मग म्हणाले, "बरं, आधीच्या कंपनीत तुम्ही नक्की काय करायचात?"

या प्रश्नाचं उत्तर भाऊजी चाळीस मिनिटं देतात.

"विकायचो," भाऊजी कसेबसे म्हणाले.

"काय?"

"फ्लॅट."

"आणि आता?"

"संपलं."

साहेबांनी मान वर केली. "आमचं काम गोदामाचं आहे. धूळ, उकाडा, कंटेनर. एसी नाही. जमेल?"

"जमेल."

"तुम्ही तेविसाव्या मजल्यावर राहायचात ना? कमीपणा नाही वाटणार?"

भाऊजींनी पाणावलेल्या डोळ्यांनी साहेबांकडे बघितलं. (ते पाणी तिखटाचं होतं. निदान निम्मं तरी.) "नाही."

"कधीपासून येता?"

"उद्या."

साहेब पाठीमागे रेलले. "या मंदीत मी कितीतरी माणसांना भेटलो," ते म्हणाले. "जो तो आपण कोण होतो तेच सांगतो. तासतासभर! इतकं मोजकं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. रविवारी पासपोर्ट घेऊन ऑफिसला या, व्हिसाचं बघू."

जाऊबाईंनी माझा हात धरला. इतका घट्ट, की माझी बांगडी वाकली. मी मनात म्हटलं, शाब्बास सुनंदा! अडीच हजार वर्षांपूर्वीची विद्या आज शारजात कामाला आली!

"आणि ती पुरणपोळी?" साहेबांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघत असतानाच बेल वाजली. दारात ९०४ मधला इजिप्शियन मुलगा, हातात आमचा स्टीलचा डबा, लख्ख घासलेला.

"आंटी, ममा सेज शुक्रन!" तो म्हणाला. "व्हेरी गुड स्वीट ब्रेड. आय एट फोर." डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांच्यातही असावी, कारण आत त्याच्या आईने केलेला बसबूसा होता, पाकात मुरलेल्या रव्याच्या वड्या. "रेवा सेड, आर्मी मस्ट ईट टुगेदर."

म्हणजे रेवाने बावीस पुरणपोळ्या नवव्या मजल्यावरच्या समस्त लहान मुलांना, कॉरिडॉरमध्ये ओळीने बसवून वाढल्या होत्या. स्पार्टाची सामुदायिक पंगत! तीही मीच शिकवली होती.

आतून जोरात हुंदका आला. रेवा दारात उभी राहून ढसाढसा रडत होती.

"रडू नकोस गं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा राग नोकरीबरोबरच विरघळला होता. "चूक कळली ना, झालं तर."

"नो!" रेवा ओरडली. "आय गॉट कॉट! आता मम्मी डायरीत 'उत्तम' नाही लिहिणार!"

लोपीस साहेबांनी वाटी खाली ठेवली. "हे सगळं हिला शिकवलं कुणी?"

सहाच्या सहा बोटं माझ्याकडे. (सहावं माझंच होतं, प्रामाणिकपणा म्हणून.) मग मी उभी राहून सगळं सांगितलं: प्रोजेक्ट, चीझ, मोहरी, कोल्हा, काळा रस्सा. साहेब इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून भाऊजींपेक्षा जास्त पाणी आलं. बसबूशाच्या तीन वड्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकवता मात्र जबरदस्त." हे वाक्य मी बार्शीला फोन करून वडिलांना जसंच्या तसं सांगितलं.

प्रोजेक्ट सादर झाला. ईशानला दहापैकी नऊ. रेवाला सहा! मी ताडकन शाळेत गेले. हो, गेले, सर्टिफिकेट पर्समध्ये घेऊन गेले.

"मॅडम, मी स्वतः इतिहासाची पदवीधर आहे," मी इंग्रजीत म्हटलं, अगदी सावकाश आणि सगळ्या शिक्क्यांसकट. "माझ्या मुलीने आठवडाभर स्पार्टन प्रशिक्षण घेतलंय. चार मार्क कुठे गेले?"

मॅडम शांतपणे हसल्या आणि त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. जमिनीवर झोपणं, अर्धपोटी राहणं, अन्न चोरणं, पंगतीत जेवणं, हे सगळं फक्त मुलग्यांसाठी होतं. स्पार्टाच्या मुली आपापल्या घरी राहायच्या, व्यवस्थित जेवायच्या आणि मैदानात पळायच्या. रेवाने आठवडाभर केलं त्यातलं एकही काम कुठल्या स्पार्टन मुलीने केलं नव्हतं.

घरी आले तर जाऊबाईंनी चहा ठेवला होता, माझ्या बर्नरवर, आणि मी काही म्हटलंही नाही. "काय म्हणाल्या गं मॅडम?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळल्या.

"पण सुनंदा, तू तर इतिहास घेऊन बी.ए. झालीस ना?"

"झाले की!" मी ताठ मानेने सांगितलं. "घराण्यातली पहिली. फक्त त्या पेपरला आठातले पाचच प्रश्न सोडवायचे होते. ग्रीस मी ऑप्शनला टाकला होता."